पाण्याच्या दोन वाटा

आमच्या वसईच्या वाड्यांतून एके काळी रहाट फिरत असत. जनावर गोल चालायचे, लोटे एकामागून एक विहिरीत किंवा बावखलात बुडायचे, भरून वर यायचे आणि रिते व्हायचे. तेथून पुढे पाणी पाटातून आपल्या चालीने केळीच्या आणि पानवेलीच्या आळ्यांपर्यंत जाई. पाणी वर चढवण्यासाठी जनावर राबत असे. उतरणाऱ्या पाण्यासाठी फक्त उतार राखावा लागे. परंतु शेतकऱ्याचे कसब या दुसऱ्या कामात दिसे. पाट कोठे तुंबेल, कोठे फुटेल आणि फुटला तर पाणी कोणाच्या वाडीत शिरेल, याचा विचार त्याने आधीच करून ठेवलेला असे. शेजाऱ्याच्या वाडीत पाणी शिरले की भांडण ठरलेले.

साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात एका धर्मगुरूने घरगुती मत्स्यालयाच्या नळजोडणीविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील दोन कुटुंबांचे बोलणे बंद पडले ते या नळांपायीच. सेमिनरीत असताना आवारातील माशांच्या तळ्याची देखभाल माझ्याकडे होती आणि आजही धर्मगुरू निवासात माझी एक लहानशी टाकी आहे. ही गोष्ट लोकांना ठाऊक असल्यामुळे दोन्ही पक्ष माझ्याकडे आले. समेट घडवायला गेलो आणि हाती मोजपट्टी घ्यावी लागली.

प्रकार असा. एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक विधवा भगिनी राहतात. त्यांचे पती बरीच वर्षे आखातात नोकरी करून परतले आणि घरात चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी मांडून बसले. गोल्डफिश चार. पती निवर्तले तेव्हा मासे नऊ वर्षांचे होते. नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. बाजारात तो चार दिवसांचा पाहुणा समजला जातो, हा त्याच्यावर अन्याय आहे. टाकी वारंवार धुण्याचे श्रम आईला पडू नयेत म्हणून मुलाने टाकीच्या स्टँडमध्ये, खाली, दुसरी लहान टाकी बसवून घेतली. तिला संप म्हणतात. वरचे पाणी संपमध्ये उतरते, तेथे गाळले जाते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. कल्पना उत्तम होती. परंतु जुलैतल्या एका रात्री वीज गेली, आणि पहाटेपर्यंत तळमजल्यावरील घराच्या छतातून पाणी ठिबकू लागले. नेमके खाली कपाट होते आणि कपाटात मुलीच्या लग्नाचे सामान. लग्न तीन आठवड्यांवर आलेले.

पुढचे वर्णन करत नाही. सोसायटीची नोटीस निघाली. रविवारच्या मिस्सेत ही दोन्ही कुटुंबे पूर्वी एकाच बाकावर बसत. शांतीचे चिन्ह देण्याच्या वेळी ती आता मंदिराच्या दोन टोकांना असत.

मावशी मला म्हणाल्या, "फादर, मासे देऊन टाकते कोणाला तरी. भांडण नको. पण ह्यांच्या हातचे आहेत हो ते."

खालचे गृहस्थ म्हणाले, "फादर, माशांशी माझं वैर नाही. पण पावसाळ्यात वीज कधीही जाते, आणि मी रोज छताकडे बघत झोपतो."

दोघांचेही म्हणणे खरे होते. अशा वेळी क्षमेविषयी बोलणे सोपे असते. परंतु उद्या पुन्हा वीज जाणार आणि पुन्हा पाणी सांडणार असेल, तर त्या माणसाला क्षमा करायला सांगण्याचा मला काय अधिकार? आधी पाणी सांडणार नाही अशी व्यवस्था हवी होती.

ती कशी करायची हे कळण्यासाठी पाणी का सांडले हे पाहिले पाहिजे. वरची टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे २५५ लीटर पाणी मावते. तिची लांबी-रुंदी सहा चौरस फूट. म्हणजे पाण्याचा प्रत्येक इंच चौदा लीटरांचा. पंपाने वर आणलेले पाणी ज्या नळीतून टाकीत पडते, तिचे तोंड पाण्याखाली चार इंच बुडवलेले होते. पाणी पडण्याचा आवाज होऊ नये म्हणून दुकानाच्या माणसाने तसे केले होते. पंप चालू असेपर्यंत यात काही बिघडत नाही. पंप थांबला की तीच नळी सायफन बनते आणि वरचे पाणी उलट खेचू लागते. तोंड उघडे पडेपर्यंत थांबत नाही. चार इंच म्हणजे छप्पन्न लीटर. संप अडीच फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच. त्यात नऊ इंच पाणी आधीच होते. उरलेल्या सहा इंचांत पस्तीस लीटर मावले. बाकीचे एकवीस लीटर जमिनीवर आले. हा हिशेब कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर, टाकी मांडण्यापूर्वीच, करता आला असता.

दुकानदाराने सुचवलेला उपाय होता नळीत एकमार्गी झडप बसवण्याचा. ही झडप वाईट नसते, पण तिच्यावर विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. माशांच्या टाकीत शेवाळ असते, बुळबुळीत थर धरतो, गोगलगायीची पिल्ले असतात; झडपेत एक कण अडकला की ती पुरती मिटत नाही, आणि ते आपल्याला कळते पाणी जमिनीवर आल्यावरच. त्यापेक्षा नळीचे तोंडच पृष्ठभागाच्या पाऊण इंच खाली ठेवावे. मग वीज गेली तरी वरून फार तर एक इंच पाणी उतरेल. चौदा लीटर ते, आणि नळ्यांत साचलेले एक-दोन लीटर. संपमध्ये त्याने तीन इंचही चढत नाहीत. जागा आहे सहा इंचांची. शिवाय पृष्ठभाग हलता राहिल्याने पाण्यात प्राणवायू मिसळतो, हा लाभ वेगळाच. आणखी खात्रीसाठी पाण्याच्या रेषेलगत नळीला तीन-चार मिलिमीटरचे छिद्र पाडले. पाणी किंचित उतरताच त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते छिद्र महिन्यातून एकदा काडीने साफ करावे लागते.

दुसरे संकट याच्या अगदी उलट आहे. पंप चालू आहे, पण वरून उतरणारी नळी तुंबली, तर? पंप बापडा पाणी वर ढकलत राहील आणि वरची टाकी काठावरून वाहू लागेल. याचे उत्तर संपच्या कप्प्यांत असते. पंप ज्या कप्प्यात बसतो तो लहान ठेवावा. इथे तो आठ इंच लांब, एक फूट रुंद. त्यातील नऊ इंच पाणी म्हणजे जेमतेम चौदा लीटर, वरच्या टाकीचा एक इंच. मधल्या काचेमुळे बाकीच्या कप्प्यांतले पाणी पंपाच्या हाती लागत नाही. वरच्या टाकीत दीड इंच काठ मोकळा ठेवला, की पंपाने आपले सगळे पाणी वर ओतले तरी एक थेंब बाहेर येत नाही. पंप कोरडा पडून घरघरू लागतो आणि घरच्यांना जाग येते.

आता उतरणाऱ्या वाटेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पाण्याचा आवाज आणि पाण्याचा धोका दोन्ही तिथेच असतात. पूर्वी काचेच्या काठावरून आत-बाहेर वाकवलेली नळी लावली होती. अशा नळीत बुडबुडे साचत जातात आणि एके दिवशी धार तुटते. म्हणून टाकीच्या मागच्या काचेला छिद्रे पाडून टँक निपल बसवायचे ठरले. काच कडक केलेली, म्हणजे टफन्ड, असेल तर छिद्र पाडताना तिचा क्षणात चुरा होतो. हे आधी विचारून घ्यावे. इथली काच साधी, दहा मिलिमीटरची होती. मासे दोन दिवस प्लास्टिकच्या टबात, हवेचा पंप लावून ठेवले. हिऱ्याच्या कणांचे गोल पाते लावून, पाण्याची धार सतत सोडत, अजिबात दाब न देता काम करावे लागते. छिद्र काचेच्या कडेपासून निदान आपल्या व्यासाइतके दूर हवे. मावशी त्या वेळी आतल्या खोलीत रोझरी घेऊन बसल्या होत्या. टाकी पतीने आणलेली होती, आणि ती फुटली असती तर नवी आणून भरून निघण्यासारखे ते नुकसान नव्हते.

दोन छिद्रे, दोन नळ्या, दोन्ही एक इंची. दोन्हींच्या पुढे टाकीच्या आत दातेरी काठाची काचेची छोटी पेटी, म्हणजे मासा नळीत ओढला जात नाही. पहिल्या नळीचे तोंड पेटीत खाली वळवलेले असते आणि तिला खाली बॉल व्हॉल्व्ह असतो. तो हळूहळू आवळत न्यायचा. एका ठरावीक जागी नळी पाण्याने पूर्ण भरते आणि तिच्यातली हवा संपते. उतरत्या पाण्याचा जो गुडगुड आवाज रात्री झोप मोडतो, तो पाण्याचा नसतोच; पाण्याबरोबर गिळल्या गेलेल्या हवेचा असतो. हवा संपली की नळी मुकी होते.

दुसऱ्या नळीचे तोंड वर वळवलेले, पाण्याच्या नेहमीच्या पातळीहून थोडे उंच. तिला व्हॉल्व्ह नाही, जाळी नाही, काही नाही. ती सदैव कोरडी राहते. पहिली तुंबली की पाणी अर्धा इंच चढून दुसरीतून उतरू लागते, आणि तिचा आवाज मोठा असल्याने बिघाड लगेच समजतो. आमच्या प्लंबरला ही नळी मुळीच पटेना. "फादर, जिच्यातून पाणीच जाणार नाही ती नळी कशाला? तिलापण नळ लावू, कामाला येईल." त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. चांगला कारागीर होता. वाया जाणारे सामान त्याला बघवत नव्हते.

उतरणीला फार उंची लागते असा समज आहे, तोही खरा नव्हे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हिज्कीया राजाने शहरात पाणी आणल्याचा उल्लेख आहे. गीहोनच्या झऱ्यापासून शिलोहच्या तळ्यापर्यंत खडकातून खोदलेला तो भुयारी पाट आजही जेरुसलेममध्ये पाहता येतो. लांबी सुमारे ५३३ मीटर, आणि एवढ्या लांबीत उतार अवघा तीस सेंटीमीटरच्या आसपास. पाणी तरीही वाहते. तेव्हा नळी कोठेही वर चढू नये आणि आडवी पडून हवा अडकू नये, एवढे पाहिले तरी पुरे.

राहिला पंप. मुलाने आणलेल्या पंपाच्या खोक्यावर तासाला २००० लीटर असे छापलेले होते. हा आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसेल तेव्हाचा असतो, हे खोके सांगत नाही. इथे पाणी पावणेचार फूट चढायचे होते, तेही अर्ध्या इंची नळीतून, पाच काटकोनी एल्बो ओलांडून. मोजमापाची रीत अगदी साधी आहे: नळीच्या तोंडाशी दहा लीटरची बादली धरावी आणि घड्याळ पाहावे. बादली भरायला पन्नास सेकंद लागले. म्हणजे तासाला ७२० लीटर. गोल्डफिश खादाड असतो आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया त्यालाच विषारी ठरतो. संपमधील स्पंजावर आणि दगडगोट्यांवर राहणारे सूक्ष्म जीवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. त्यांच्यापुढून सगळे पाणी तासाला चारेक वेळा जावे, म्हणजे सुमारे १००० लीटर, असा माझा हिशेब होता.

दुकानदाराने मोठा, ८५ वॉटचा पंप घ्यायला सांगितले होते. अखंड चालणारा असा पंप महिन्याला ६१ युनिटे खातो. आहे तो ४० वॉटचा पंप २९. एकट्या बाईच्या बिलात हा फरक लहान नव्हे. आणि दोष पंपाचा नव्हताच.

येथे मला एका संन्यस्त बंधूची आठवण होते. बेनेदेत्तो कास्तेल्ली हे बेनेडिक्टाइन संघाचे मठवासी आणि गॅलिलिओचे शिष्य. पोप आठवे अर्बन यांनी त्यांना रोमला बोलावून घेतले, आणि १६२८ साली वाहत्या पाण्याच्या मोजमापावरील त्यांचा ग्रंथ तेथे प्रसिद्ध झाला. त्यांनी सिद्ध केलेली गोष्ट आज शाळकरी वाटेल: प्रवाह रुंद असो की अरुंद, ठरावीक वेळात प्रत्येक ठिकाणाहून सारखेच पाणी जाते, म्हणून अरुंद जागी त्याला धावावे लागते. तोरिचेल्ली हे त्यांचेच शिष्य. धर्मगुरूंनी अशा लौकिक गोष्टींत डोके घालू नये असे मानणाऱ्या आमच्या काही मित्रांसाठी हा उल्लेख मुद्दाम केला.

अरुंद नळीत धावणारे पाणी नळीच्या भिंतींना घासते आणि पंपाची शक्ती त्या घासण्यातच संपते. नळीचा आतील व्यास दीडपट केला, तर तेवढेच पाणी नेताना घर्षणात जाणारा दाब सुमारे साडेसातपट कमी होतो. प्रत्येक काटकोनी एल्बो हाही एक अडथळाच. आम्ही अर्ध्या इंचीच्या जागी पाऊण इंची नळी घातली आणि पाच एल्बोंऐवजी पंचेचाळीस अंशांची दोन सौम्य वळणे ठेवली. पंपाच्या वर युनियन बसवला, म्हणजे पंप धुवायला काढताना नळी कापावी लागणार नाही. पितळेचे आणि तांब्याचे जोड टाळले. तांबे पाण्यात उतरले तर माशांना ते बाधते. सॉल्व्हंट लावलेले जोड दिवसभर वाळू दिले आणि सगळ्या नळ्या साध्या पाण्याने धुऊन ते पाणी फेकून दिले. मग पुन्हा बादली धरली. छत्तीस सेकंद. तासाला १००० लीटर, त्याच पंपातून.

चाचणीच्या दिवशी खालच्या गृहस्थांना वर येण्याची विनंती केली. येतील की नाही याची मला शंका होती. आले, पण दारातच उभे राहिले. मी त्यांनाच बटण बंद करायला सांगितले. त्यांनी ते केले आणि आम्ही सगळे संपकडे पाहत राहिलो. पाणी चढले, चढले आणि अडीच इंचांवर थांबले. तेथे पेन्सिलीने रेघ ओढली. त्यांनी बटण चालू केले, पुन्हा बंद केले. असे सात-आठ वेळा झाले असेल. प्रत्येक वेळी पाणी रेघेपाशी थांबले. मग त्यांनी स्वतःच पेटीतील मोठ्या नळीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. कोरडी नळी खळखळून बोलू लागली. तिच्याही तोंडात बोळा गेला, तेव्हा मावशींनी डोळे मिटून घेतले. वरचे पाणी काठाखाली अर्ध्या इंचावर येऊन थांबले आणि पंप घरघरला.

"ठीक आहे," ते म्हणाले. एवढेच. मग बाल्कनीकडे वळून त्यांनी विचारले, "ते आठवड्याचं पाणी काढता, ते कुठे टाकता?"

मावशी दर शनिवारी साठेक लीटर पाणी बदलतात. आमच्याकडे नळाला दिवसातून ठरावीक वेळच पाणी येते. तेथे साठ लीटर मोरीत ओतणे मला खटकत होतेच. त्या पाण्यात नायट्रेट असते, म्हणजे झाडांचे खतच. तळमजल्यावरील घरामागे थोडे अंगण आहे, केळीचे दोन गड्डे आणि तोंडलीचा वेल आहे. आता बाल्कनीतून एक रबरी नळी खाली सोडलेली असते आणि शनिवारचे पाणी पंपाशिवाय, आपल्या चालीने, अंगणात उतरते. एखाद्या शनिवारी उशीर झाला तर खालून हाक येते, असे मावशी सांगतात. लग्नाच्या सामानाची भरपाई मुलाने दोन हप्त्यांत केली. नोटीस अजून सोसायटीच्या फाइलीत आहे आणि ती मागे घेण्याचा विषय पुढच्या सभेपुढे येणार आहे.

वीज फार वेळ गेली तर जीवाणूंना आणि माशांना हवा मिळावी म्हणून बॅटरीवर चालणारा एक छोटा हवेचा पंप तेवढा घेऊन ठेवायला सांगितला. आणि मासा आजारी पडून पाण्यात मीठ घातलेले असेल, तर त्या आठवड्याचे पाणी केळीला सोडू नये, हे वर आणि खाली दोन्हीकडे सांगून ठेवले आहे.